नव्या मुशीचा फुगा

काचेच्या भट्टीला सुट्टी नसते, हे आमच्या मालकांचं लाडकं वाक्य. ते स्वतः मात्र साथ सुरू झाल्यापासून सुट्टीवरच होते. रोज सकाळी फाटकाबाहेर गाडी उभी करायचे, गाडीची काच चार बोटं खाली घ्यायचे आणि आतूनच ओरडायचे, "काय, बरे आहात ना सगळे?" आम्ही बरे होतो. कोंडलेले होतो, पण बरे होतो.

मालकांचं वाक्य खोटं नव्हतं, हेच खरं दुखणं. भट्टीत मुशी असतात, मूस म्हणजे काच वितळवायची मातीची कुंडी, आत माणूस उकिडवा बसेल एवढी. भट्टी निवली की मुशी तडकतात, आतली काच दगडासारखी घट्ट होते आणि मग अख्खी भट्टी फोडूनच काढावी लागते. तेवढा दम आमच्या कारखान्यात उरला नव्हता. म्हणून तापाची साथ शहरभर पसरली तेव्हा असं ठरलं की थोड्याच माणसांनी आत राहायचं, फाटक लावून घ्यायचं, आणि पंधरवड्यानं दुसरी टोळी आली की पहिलीनं घरी जायचं. दवाखान्यांना चंबू आणि बाटल्या हव्याच होत्या, त्यामुळे काम करायला परवानगीही मिळाली.

पहिल्या टोळीत आम्ही पाच जण. वस्ताद, म्हणजे नळी फुंकून काचेला आकार देणारा आमचा सगळ्यांत जुना कारागीर. साचा धरणारा जाड्या. भट्टीचा झोत सांभाळणारा पोपट, याच्या तोंडाला देवानं झाकणच दिलेलं नाही. मी, मुशीतून नळीच्या टोकावर काच उचलून वस्तादांच्या हाती देणारा. आणि पाचवी माझी थोरली बहीण.

ताई पॅकिंगची मुकादम. कारखान्यात तिला मागे 'फौजदार' म्हणतात आणि पुढे कुणी काहीच म्हणत नाही. साथीचे नियम पाळून घ्यायचं काम मालकांनी तिच्यावर टाकलं, आणि तिनं ते असं उचललं की मालकांनाही फाटकापाशी नाकावर मास्क ओढायला लावला. जेवायचं लांब लांब, भिंतीकडे तोंड करून. झोपायचं चौघांनी चार कोपऱ्यांत, ती स्वतः पॅकिंगच्या खोलीत खोक्यांच्या आड. सकाळी कामाला लागायच्या आधी सगळ्यांचा ताप बघायचा, तोही गार खोलीत बाकावर बसवून, कारण एकदा भट्टीपुढे उभं राहिलं की धडधाकट माणसाचं कपाळही थर्मामीटरला तापलेलं वाटतं.

सगळ्यांत जास्त भांडण झालं ते नळीवरून. आमच्या कामात मी काच उचलतो, नळीत पहिली छोटी फुंकर मारतो आणि तीच नळी वस्तादांकडे जाते. माझ्या तोंडातून त्यांच्या तोंडात. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कुणाला कधी किळस आली नाही. ताईनं प्रत्येकासाठी नळीच्या टोकावर बसणारी पितळी टोपणं करून आणली. ज्याचं टोपण त्याच्या खिशात, काम झालं की उकळत्या पाण्यात. वस्तादांचा जीव वरखाली झाला. म्हणाले, "बायकोचा मुका रुमालातून घ्यायला सांगतेस, पोरी."

"मग घेऊ नका," ताई म्हणाली. "पण टोपण लावा."

तिचा सर्वांत कडक नियम वेगळाच होता. आतल्या एकाला जरी ताप निघाला तरी टोळी बदलायची नाही. तापकरी बरा होऊन वर आठवडा जाईपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, कुणी आत यायचं नाही. गावाबाहेरच्या एका गिरणीत खोकणारी टोळी घरी सोडली आणि ताप घरोघर पोचला, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे बसलं होतं. मालकांना नियम जड वाटला होता. तिनंच तो गळी उतरवला.

आणि बाहेर जायची घाई सगळ्यांत जास्त तिलाच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घरी भावजी एकटे होते. भावजी आमच्याच कारखान्यात वस्तादांच्या जोडीला फुंकायचे. जन्मभर भट्टीच्या तोंडात बघून बघून त्यांचे डोळे गेले. आधी धुकं, मग सावल्या, मग तेही नाही. घरात मात्र ते ऐटीत फिरतात. ताईनं प्रत्येक वस्तूची जागा ठरवून दिली आहे आणि ती कुणी बोटभर हलवली तरी ते ओरडतात. ताई आत आली तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन वेळचं जेवण द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून तर ती आली.

दुसऱ्या आठवड्यात काकूंना ताप आला आणि गाडी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

भावजींनी हे फोनवर सांगितलं ते गंमत सांगावी तसं. "काळजी करू नकोस. सध्या सगळं शहरच अंधारात चाचपडतंय. त्यात सवय असलेला मी एकटाच." ताईनं विचारलं, जेवलात काय? तर म्हणाले, दूध तापवलं. मग जरा थांबून म्हणाले, म्हणजे तापवायला ठेवलं होतं. उतू गेलं, शेगडी विझली, आणि गॅस तसाच चालू राहिला. नाक शाबूत म्हणून वास आला.

ताईचा चेहरा मी कधी असा पांढरा पडलेला पाहिला नव्हता. ती अतिशय शांत आवाजात म्हणाली, "शेगडीला हात लावायचा नाही. पाव आहे, बिस्किटं आहेत, फळं आहेत. शनिवारी मी येते. शनिवारपर्यंत शेगडीला हात लावायचा नाही."

"हुकूम," भावजी म्हणाले.

त्यानंतर ती सारखी खिडकीशी जायला लागली. पॅकिंगच्या खोलीला रस्त्याकडची एकच खिडकी, तिला गज, गजांपलीकडे बंद दुकानांची रांग. रस्त्यावर कुणी नसायचंच. मी म्हणायचो, काय बघतेस? म्हणायची, काही नाही. खरंच काही नव्हतं तिथं, तरी बघायची. मीही एकटा असलो की जाऊन बघायचो. भिंतींना पाय फुटून त्या रोज बोटभर आत सरकत होत्या असं मला वाटायला लागलं होतं, आणि मागे भट्टीचा घुमणारा आवाज, जो झोपेतही थांबत नव्हता. पोपटाचीसुद्धा बडबड आटली होती. यावरून काय ते समजा.

त्यात जुनी मूस गळायला लागली.

नवी मूस आठवड्याच्या सुरुवातीलाच मागवून ठेवली होती. ट्रक आला तेव्हा ताईनं हमालांना आत पाऊल टाकू दिलं नाही. मूस फाटकात उतरवून घेतली आणि हमाल लांब झाल्यावरच आम्ही बाहेर आलो. पण ट्रकचा ड्रायव्हर वस्तादांचा जुना दोस्त निघाला. ताई मूस धुऊन घेण्यात गुंतली होती तेवढ्यात हे दोघं फाटकाच्या गजांना नाकं लावून, मास्क हनुवटीवर, मुलाबाळांची खबरबात घेत उभे. मी पाहिलं. दोन म्हाताऱ्यांनी दोन घटका बोलावं, त्यात काय, असं मला वाटलं.

मूस बदलणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत जिवावरचं काम. भट्टीची एक बाजू फोडायची, जळत्या तोंडातून जुनी मूस ओढून काढायची आणि छोट्या भट्टीत लालबुंद केलेली नवी मूस लोखंडी गाड्यावरून आत सारायची. एरवी आठ-दहा माणसं लागतात. आम्ही चार. ताई ओलं पोतं डोक्यावर घेऊन गाड्याच्या दांड्याला येऊन भिडली. जाड्याच्या भुवया जळल्या, माझ्या हाताची कातडी सोलली, पण मूस बसली. दांडा सोडल्यावर ताई भिंतीला टेकून हसत होती. मी म्हणालो, "फौजदार, वेड लागलं का?" म्हणाली, "गप रे, पाणी दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या मुशीतली काच वितळून पिकली, आणि वस्तादांनी आपली नळी पुसायला घेतली.

नव्या मुशीचा पहिला फुगा ही आमच्याकडची जुनी रीत. मुशीला ज्यांचे हात लागले त्या प्रत्येकानं एकाच नळीतून एकेक फुंकर घालायची, सगळ्यांच्या श्वासाचा एक फुगा करायचा आणि तो वर तुळईला टांगायचा. फुगा नाही केला तर मूस वर्षाच्या आत तडकते म्हणतात. खरं-खोटं कोण जाणे, पण फुगा न करता मूस वापरल्याचं कुणाला आठवत नाही.

"टोपणं लावून करा," ताई म्हणाली.

"पाच टोपणं बदलेपर्यंत काच निवून जाईल," वस्ताद म्हणाले. आणि ते खरं होतं.

"मग करू नका. ताप मूस बघून येत नाही."

पोपट म्हणाला, "ताई, पंधरा दिवस आपण एकाच भिंतीत आहोत, रोज तुम्ही कपाळं मोजताय. कुणाला ताप असता तर एव्हाना निघाला नसता का?" जाड्यानं मान हलवली. मीही ताईची बाजू घेतली नाही. मला फुगा हवा होता. कोंडून पडलेल्या माणसाला काहीतरी मनाजोगतं घडायला हवं असतं, मग ते एवढंसं का असेना.

वस्तादांनी वाद घातला नाही. त्यांनी नळी मुशीत बुडवली, फिरवली, मधासारखी लाल काच टोकावर घेऊन बाहेर आले. बोडक्या नळीला तोंड लावून त्यांनी आपली फुंकर घातली. मग नळी गरागरा फिरवत ते वळले ते माझ्याकडे नाही, ताईकडे.

"मुशीला जिनं हात लावला तिची फुंकर लागतेच," ते म्हणाले. "ये पोरी. घे."

आता हे सांगायला हवं. आमचे वडीलही याच भट्टीवर होते. मला मिसरूड फुटायच्या आत नळी मिळाली. ताईला खोकी मिळाली. लहानपणी नदीत बुडी मारली की मी दोनदा वर यायचो तेव्हा ती एकदा यायची, एवढी तिची छाती. वडिलांना ते ठाऊक होतं. पण बाईच्या तोंडी नळी कुणी दिली नाही. मग तिचं लग्न झालं तेही फुंकणाऱ्याशीच. बाप, भाऊ, नवरा सगळे फुंकतात आणि हिनं त्या चंबूंना कागद गुंडाळायचे. तिनं याबद्दल कधी तक्रार केली नाही. निदान माझ्यापाशी नाही.

काच काळवंडायला लागली होती. "अगं, निवतेय," वस्ताद म्हणाले.

ताईनं मास्क खाली ओढला आणि नळीला तोंड लावलं.

काय फुंकर होती ती! आम्ही सुरुवातीला सगळेच धसमुसळेपणा करतो, गाल फुगवतो. तिनं पोटातून, सावकाश, एकसारखा श्वास सोडला आणि फुगा तिच्या मनासारखा वाढत गेला. वस्तादांनी नुसती नळी फिरवली, दुसरं काही करावं लागलं नाही. मग माझी, जाड्याची, पोपटाची अशा फुंकरी झाल्या, पण त्या नावाला. फुगा तिचाच होता. तुळईला टांगल्यावर ती त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि भरभर मास्क वर ओढून म्हणाली, "चला, नळ्या उकळायला टाका सगळ्या." पण डोळे कुणापासून लपवणार?

त्या संध्याकाळी तिनं सामान बांधलं. मी खुशीत होतो. मला वाटलं होतं, सुटलो.

शनिवारी सकाळी फाटकाबाहेर दुसरी टोळी वळकट्या घेऊन उभी होती. मालकांची गाडीही होती. आम्ही बाकावर बसलो आणि ताई थर्मामीटर घेऊन आली. पोपट ठीक, जाड्या ठीक, मी ठीक. वस्ताद बाकावर नव्हते.

ते हौदापाशी सापडले. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन पाठमोरे उभे होते, आणि दातांवर दात आपटत होते. आम्हाला बघून म्हणाले, "नुसती कणकण आहे. काल घाम आला होता, त्यावर वारं लागलं." मग ताईकडे न बघता म्हणाले, "दहा मिनिटं दे मला. डोकं पाण्यात धरतो. मग मोज. काही दिसणार नाही."

ताईनं टॉवेल काढला आणि कपाळावर थर्मामीटर धरला. पाणी निथळणाऱ्या कपाळावरही आकडा चढलाच होता.

"पोरी, तू जा," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "तो एकटा आहे घरात. मी आत राहतो, कोपऱ्यात पडून राहीन. फाटकाशी जाऊन एवढंच म्हण की सगळे ठीक. कोण बघायला येणार आहे?"

मीही तेच म्हणालो. अगदी हात धरून म्हणालो. "ताई, नियम तूच केलास, तूच मोड. मी सांभाळतो इथं. भावजींचं काही बरंवाईट झालं तर या नियमाचं काय लोणचं घालायचंय?"

"हात सोड," ती म्हणाली. "आणि लांब उभा राहा."

ती फाटकाशी गेली. मी मागोमाग, तिनं सांगितलं तेवढ्या अंतरावरून. दुसऱ्या टोळीतल्या एकानं फाटकाची कडी काढायला हात पुढे केला होता. तिच्या तोंडून दोन शब्द निघाले असते तर फाटक उघडलं असतं, रिक्षा उभी होती, आणि अर्ध्या तासात ती घरी असती. माझ्या मनात तेवढंच चाललं होतं, बोल, बोल, बोलून टाक.

"वस्तादांना ताप आहे," ती म्हणाली. "कडीला हात लावू नका. घरी जा सगळे. डॉक्टरांना फोन करून गाडी पाठवा, आणि गाडीवाल्यांना आधी सांगा की ताप आहे." मग तिनं आतला अडसर स्वतः सरकवला. मालकांनी गाडीची काच वर घेतली. आज त्यांनी बरे आहात ना, असं विचारलं नाही.

वळकट्या पुन्हा खांद्यावर चढल्या. त्यांच्यातला काच कापणारा तेवढा थांबला. तो ताईच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. ताईनं त्याला लांबूनच सांगितलं, रोज दोन वेळ डबा पायरीवर ठेवायचा, दार वाजवायचं आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. डबा आत गेलेला बघूनच निघायचं. त्यानं मान हलवली. "नक्की," म्हणाला. चांगला माणूस आहे. पण डब्यानं घरात सोबत होत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही.

आत येऊन ताईनं फोन लावला. आम्ही सगळे लांब लांब उभे होतो, पण सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण भावजी फोनवर ओरडूनच बोलतात.

"निघालीस का?"

"अहो, मी आज येत नाही."

"का? काय झालं?"

"वस्तादांना ताप आहे."

"अरे, म्हाताऱ्याला? फार आहे का?" मग जरा थांबून, "पण तुझा काय संबंध? तू आपली पॅकिंगमध्ये. तुला सोडायला काय हरकत आहे?"

ताईनं डोळे मिटले. "मी नळीला तोंड लावलं."

भावजींना समजावून सांगायची गरज नव्हती. नवी मूस बसली हे त्यांना ठाऊक होतं.

"कुणाच्या नंतर?" त्यांनी हळू विचारलं.

"वस्तादांच्या."

"लगेच?"

"लगेच."

"मग यायचं नाही," भावजी म्हणाले. "चुकूनसुद्धा यायचं नाही. आणि तुला काही झालं तर मला पहिलं सांगायचं, लपवायचं नाही." मग आवाज बदलला. "सरळ आला का?"

"आला."

"शेंड्याला पातळ?"

"नाही. सगळीकडे सारखा."

"सारखा," भावजी म्हणाले. वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते, थंडीनं की कशानं ते माहीत नाही.

ताईनं एकदम कान टवकारले. "रस्त्याचा आवाज कसा येतोय? दार उघडं आहे का?"

"सकाळपासून उघडंच आहे. म्हटलं, तुझे हात सामानानं भरलेले असतील, दार कशाला वाजवायला लावायचं. खुर्ची टाकून दारातच बसलोय."

"दार लावा. कडी घाला."

"घालतो मग."

"आत्ता घाला. मला ऐकू येऊ दे."

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. खुर्ची फरशीवरून ओढली गेली. पावलं. दार लागलं, आणि कडी बसायला जरा वेळ लागला. पहिल्यांदा चुकली असावी. मग बसली.

"घातली," भावजी परत येऊन म्हणाले. "आता सांग, कधी येशील?"

ताईनं हुंदका दाबायला तोंडावर हात धरला. फोन तिनं टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे सरली आणि मला खूण केली, तू बोल. मी पुढे होऊन फोन उचलला. "ऐकतेयस ना?" भावजी विचारत होते. "कधी येशील?"